डाव्या कानाखालचा भोवरा

चौसाळ्याच्या स्टँडसमोर, रसवंती आणि दस्तगीरचं पंक्चरचं दुकान यांच्या मधोमध धर्मराज राऊतचं केस कापायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा, टेकायला एक बाकडं आणि मागच्या भिंतीत थेट स्वयंपाकघरात उघडणारं दार. हायवे रुंद झाला तेव्हा पुढच्या पायऱ्या गेल्या, त्यामुळे आता गिऱ्हाईक रस्त्यावरून उचललेला पाय जवळजवळ खुर्चीतच ठेवतं. धर्मराजची साठी कधीच उलटून गेली. चेहरा कायम जरा रुसलेला, पण कुणावर रुसलायस बाबा, असं विचारायची सोय नाही. निम्म्या गावाच्या हनुवट्या त्याला तोंडपाठ. स्वतःची हनुवटी तेवढी वाऱ्यावर पडलीय, असं तो स्वतःच म्हणायचा.

त्याचं कारण त्याच्या घरातला रिवाज. राऊतांच्या घरात न्हावी स्वतःची दाढी स्वतः करत नाही. करता येत नाही असं नव्हे, करायची नाही. आपल्या गळ्यावरची धार दुसऱ्याच्या हातात सोपवायची आणि डोळे मिटून गप बसायचं, म्हणजे रोज आपल्यासमोर बसणाऱ्याला काय वाटतं ते माणूस विसरत नाही, असं त्याचा बाप सांगायचा. बाप होता तोवर बापलेकांनी एकमेकांची दाढी केली. बाप गेल्यावर धर्मराज पाटोद्याच्या बाजारात चुलतभावाकडे गाल देऊन यायचा. आणि मग त्याला लेकीचा, वर्षाराणीचा हात मिळाला. तो हात सुटल्यापासून माणूस आतून कुठेतरी बिनसला तो बिनसलाच. हल्ली समोरच्या दुकानातला गहिनीनाथ त्याची दाढी करतो, नव्या पद्धतीच्या अर्ध्या ब्लेडवर, कानाला मोबाईल लावून. नीट करतो पोरगा, नावं ठेवायला जागा नाही. पण धर्मराजला एकदा, निदान एकदा, लेकीच्या हातची दाढी करून हवी होती, आणि एवढं साधं मागणं त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

घरात वस्तरे दोन. एकाचं नाव मुका आणि दुसऱ्याचं बोलका. नावं धर्मराजच्या बापाने ठेवलेली. मुक्याचं पातं भरीव, पाठीला जाड आणि धारेपर्यंत सरळ उतरत आलेलं, हातात घेतलं की वजन जाणवणारं. तो गालावर जवळजवळ आडवा ठेवायचा आणि नुसता चालू द्यायचा. त्याचं वजनच काम करतं. राठ दाढी असो की घाईचं गिऱ्हाईक असो, मुका कुणाचं वाईट करत नाही, आणि आवाजही करत नाही. बोलक्याची तऱ्हा निराळी. त्याचं पातं दोन्ही अंगांनी आत कोरून घेतलेलं, इतकं पातळ की नखावर टेकवलं तर वाकताना दिसावं. त्याची पाठ गालापासून थोडी उचलून धरावी लागते, दुसऱ्या हाताने कातडं ताणावं लागतं, आणि जोर म्हणाल तर अजिबात नाही. मग तो बोलतो. केस तुटताना त्याच्या पात्यातून बारीक, कोरडा, गोड आवाज निघतो. मागच्या दारातून त्याच्या बायकोला, भिवराबाईला तो चुलीपाशी ऐकू जायचा, आणि आवाज हनुवटीवर आला की ती चहाचं आधण ठेवायची. आवाज कुठे आला हे तिला कसं कळायचं, ते तिलाच ठाऊक.

वर्षाराणीने स्वतःहून विचारलं होतं. शाळेतून येऊन बाकड्यावर पाय हलवत बसायची, आणि एका सोमवारी, बाप पाटोद्याला निघाला तेव्हा म्हणाली, एवढ्या लांब कावून जाता, मी करते की. धर्मराज हसला. पण सोमवारी दुकान बंद, लेक हट्टी आणि पाटोद्याची गाडी चुकलेली. त्याने पितळी लोटीला साबणाचा फेस लावला आणि मुका तिच्यापुढे फळीवर ठेवला. हातात दिला नाही, कारण धार हातातून हातात द्यायची नसते. खाली ठेवायची, ज्याला पाहिजे त्याने उचलायची. तिने उचलला. लोटीवरून फेस असा निघाला की पितळेवर ओरखडा नाही. पुढे कितीतरी सोमवार लोटीवर गेले, मग लोटीच्या जागी बापाचा गाल आला.

मुका तिला लवकर वश झाला, बोलक्याने दमवलं. मुक्याची सवय झालेला हात नकळत वजन टाकतो, आणि बोलक्यावर वजन टाकलं की तो आधी गप होतो आणि मग कापतो. धर्मराजने तिला एवढंच शिकवलं होतं, की बोलका गप झाला की हात उचल, काय चुकलं ते मागाहून बघ. त्याच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, केसांचा एक भोवरा आहे. चारी बाजूंनी केस गोल फिरून एका जागी जमलेले. धर्मराजच्या बापाला तो कधी साधला नाही, पाटोद्याच्या भावालाही नाही. वर्षाराणीला साधला. जिभेचं टोक ओठावर काढून ती बोलक्याच्या नुसत्या टोकाने त्या भोवऱ्याभोवती फिरायची, प्रत्येक वळणावर कातडं वेगळ्या दिशेने ताणायची, आणि बोलका तिथे अगदी हळू, कुजबुजल्यासारखा बोलायचा. धर्मराज डोळे मिटून ऐकायचा. जगात आपलं काही वाईट होणार नाही असं त्याला तेवढा वेळ वाटायचं.

मग तेलगावचं स्थळ आलं. मुलगा रामेश्वर, त्याचंही दुकान, माणसं खाऊनपिऊन सुखी आणि जातीतलीच. पण पुरुषाच्या गळ्यावर वस्तरा चालवणारी पोर म्हटल्यावर लोक काय बोलतील, या धास्तीने धर्मराजने पाहुणे यायच्या आदल्या दिवशी लेकीला सांगितलं की आता वस्तऱ्याला हात लावायचा नाही. ती त्याचीच दाढी करत होती. तिने दाढी पुरी केली, बोलका पुसून मिटला, फळीवर ठेवला आणि आत गेली. एका शब्दाने उलट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर कित्येकदा भिवराबाईला म्हणाला.

लग्नात त्याने एक खटपट करून पाहिली. बोलका मऊ धडप्यात गुंडाळून लेकीच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी ठेवला. पण त्याची बहीण बायनाबाई पेटी लावत होती, तिच्या हाताला तो लागला. तिने कपाळाला हात लावला. माहेरची धार लेकीबरोबर पाठवली तर माहेर तुटतं, एवढं कळत नाही का या माणसाला, म्हणून चार बायकांत त्याची शोभा केली आणि वस्तरा परत आणून दिला. धर्मराजनेही तो मुकाट्याने घेतला, कारण तो स्वतःही हे मानत होता. माहेर तुटू नये म्हणून त्याने बोलका ठेवून घेतला.

आणि इथून त्याचा वनवास सुरू झाला. तेलगाव काही परदेशात नाही, पण रामेश्वरच्या घरी तिचा म्हातारा सासरा आप्पा अंथरुणाला खिळला. सणासुदीला रामेश्वरच्या दुकानात रीघ. दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघायच्या, त्या आधी सगळ्यांना केस कापून हवे असायचे. त्यामुळे वर्षाराणीचं हक्काचं येणं एकच उरलं, नागपंचमीचं. आता पंचमीला काही चिरायचं नाही, कापायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, रानात कुदळ मारायची नाही. धर्मराजचं दुकान त्या दिवशी बंद. आदल्या संध्याकाळीच वस्तरे, कात्र्या तेलाचं बोट फिरवून धोकटीत निजलेल्या. वर्षभर वाट पाहावी ती लेक अशा दिवशी यायची, जेव्हा घरात धारेला हात लावणं पाप. पुरणाची दिंडं व्हायची, झोका व्हायचा, बायका फेर धरायच्या, आणि धर्मराज ओसरीवर गाल खाजवत बसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रामेश्वर न्यायला यायचा. तेवढ्या वेळात धर्मराज एक करायचा. दिवस उगवायच्या आधी उठून बोलका काढायचा, चामड्याच्या पट्ट्यावर हळूहळू फिरवायचा आणि आरशाखालच्या फळीवर, लेकीची नजर पडेल असा ठेवायचा. शेजारी पाण्याची वाटी आणि तुरटी. मग मुद्दाम बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहायचा, म्हणजे पोरीला भीड नको. वर्षाराणी चहाचा कप घेऊन यायची, फळीकडे बघायची आणि कप त्याच्या हातात देऊन परत आत जायची. मग रामेश्वरच्या गाडीचा हॉर्न वाजायचा. दरवर्षी हेच.

भिवराबाईला याचा वीट आला होता. ती एकदा सरळ म्हणाली, "तोंड उघडून मागा की. लेक हाय ती, तहसीलदार न्हाई."

"मीच ठेव म्हनलो व्हतो," धर्मराज म्हणाला. "आता कोन्या तोंडानं उचल म्हनू?"

भिवराबाई भाकरी थापायला निघून गेली.

मधल्या काळात आणखी एक झालं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. त्याचा उजवा हात थरथरू लागला. फार नाही, पण बोलक्याला तेवढंही चालत नाही. त्याने बोलका गिऱ्हाइकाला लावणं बंद केलं. मुका थरथर सांभाळून घेतो. आडवा ठेवावा, वजनावर सोडावा, हात थोडा हलला तरी त्याला फरक पडत नाही. वस्तऱ्याची दाढी मागणारी मोजकीच जुनी माणसं राहिली होती, त्यांना काही कळलं नाही. फक्त मागच्या दारातून येणारा आवाज थांबला. भिवराबाईने विचारलं नाही, आणि चहा तेवढा वेळेवर येईनासा झाला.

गेल्या थंडीत आप्पा गेला. म्हणून यंदा पंचमीला वर्षाराणी आली ती घाई न करता आली. दोन दिवस राहते म्हणाली. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि दस्तगीर ग्रीसचे हात पुसत खुर्चीत येऊन बसला. त्याची दाढी लांब, पण गालाची रेघ वस्तऱ्याने आखून घ्यायची जुनी सवय. धर्मराज मुका चालवत होता, पहाटे मांडून ठेवलेला बोलका तसाच फळीवर होता. वर्षाराणी चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. दस्तगीर उठून जाईपर्यंत ती तशीच उभी होती. चहावर साय धरली.

"आबा," ती म्हणाली, "बोलका कावून लावीत न्हाई?"

धर्मराजने उजवा हात तिच्यासमोर धरला. तो हवेत बारीक थरथरत होता. तिने कप फळीवर ठेवला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तरी तो थांबला नाही.

मग बाकड्यावर बसून ती बोलत राहिली, आप्पाबद्दल. म्हाताऱ्याची एक बाजू लुळी पडलेली, गाल ओघळलेला, आणि रामेश्वर दुकानातून दमून येऊन घाईत दाढी करायचा तेव्हा रक्त निघायचं. म्हातारा रडायचा. एक दिवस सासूने, रतनबाईने, पाण्याची वाटी आणि अर्ध्या ब्लेडचा वस्तरा तिच्यापुढे आणून ठेवला. बापाच्या घरी शिकलीस असं कानावर आहे, म्हणाली, मग बघतेस काय. तेव्हापासून आप्पा जाईपर्यंत त्याची दाढी वर्षाराणीनेच केली. शेवटची आंघोळ घालायच्या आधीचीसुद्धा तिनेच केली.

धर्मराज ऐकत राहिला. ज्या घरच्या लोकांना कळू नये म्हणून आपण लेकीचा हात थांबवला, त्या घरानेच तिच्या हातात वस्तरा दिला. आधी त्याची छाती भरून आली. मग लगेच त्याला त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली. आपण गहिनीनाथपुढे गाल धरून बसलो तेव्हा आपला सुखाचा वाटा तेलगावात कुणीतरी दुसराच खात होता, हे काही त्याच्या मनातून जाईना.

"मला वाटलं तू इसरलीस," तो शेवटी म्हणाला. "दर पंचमीच्या दुसऱ्या दिशी तुझ्यासाठी बोलका मांडून ठिवायचो."

"माझ्यासाठी?" ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं, दुकान उघडायची तयारी हाय."

एवढंच होतं. इतक्या वर्षांचं एवढंच. आत भिवराबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या, म्हणजे ती दारामागे उभी होती. धर्मराजने रस्त्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, घसा खाकरला.

"राणी, माझी दाढी करती का?"

तिने पदर खोचला, खुर्ची झटकली, त्याला बसवलं आणि मानेभोवती टॉवेल लावला. गरम पाणी भिवराबाईने न मागता आणून दिलं. फेस लावून झाला. धर्मराजने डोळे मिटले आणि फळीवरून बोलका उचलल्याचा तो ओळखीचा हलका आवाज ऐकला. सगळं अंग कान होऊन बसलं.

पण गालावर आधी वस्तरा आला नाही, तिचं बोट आलं. बोटाने गाल दाबला, थोडा ओढला, सोडला. पुन्हा ओढला. मग बोलका परत फळीवर ठेवला गेला.

"आबा, कातडं सैल पडलंय," ती म्हणाली. "बोलका धरंल. ह्या गालाला आता मुकाच बरा."

धर्मराज मान हलवणार होता, पण फेस लावल्यावर मान हलवायची नाही हे त्याने स्वतःच हजारांना सांगितलेलं. बरोबर होतं तिचं. दुसऱ्या कुणाचा गाल असता तर त्यानेही तेच केलं असतं. आपला गाल म्हातारा झाला हे आरशाने सांगितलं नव्हतं, ते लेकीच्या बोटाने सांगितलं. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी तो झुरला, तो आवाज आता त्याच्या गालावर उमटायचाच नव्हता. लेक आली होती, आणि तिला यायला उशीर झाला होता.

मुका चालू लागला. तिने तो जवळजवळ गालालगत आडवा ठेवला होता. डाव्या हाताने कातडं खाली नाही, वर ओढलं, कानापासून आणि गालफडाच्या हाडापासून. हे त्याने तिला शिकवलेलं नव्हतं. त्याने शिकवलं तेव्हा त्याचा गाल असा नव्हता. हे आप्पाने शिकवलं होतं, पडल्या पडल्या. जिथे सुरकुती होती तिथे ती थांबायची, अंगठ्याने ती सपाट करायची आणि मग मुक्याला नुसती वाट द्यायची. आवाज नव्हता, काहीच नव्हतं. फक्त धार पुढे जात होती आणि मागे गाल गार पडत होता. धर्मराजच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि फेसात मिसळलं. तिने ते पाहिलं असणार, पण फेसाबरोबरच पुसून घेतलं.

डाव्या कानाखाली येऊन हात थांबला.

"इथं मुका वळत न्हाई," ती म्हणाली. "इथलं कातडं आजून घट्ट हाय. इथं बोलका चालंल. पर माझा हात ऱ्हायला न्हाई, आबा. अर्ध्या ब्लेडनं दाबायची सवय लागलीय. मी कापंन तुमाला."

"काप," धर्मराज म्हणाला.

"न्हाई कापायची."

आणि तिने भोवरा तसाच ठेवला. तुरटी फिरवली, टॉवेल काढला. आरशात एक स्वच्छ, तुकतुकीत म्हातारा दिसत होता, आणि त्याच्या डाव्या कानाखाली पांढऱ्या केसांचा एक पुंजका.

दुसऱ्या दिवशी रामेश्वर आला. भिवराबाईने डबा बांधला, ओटी भरली. धर्मराजने बोलका पट्ट्यावर फिरवून, मिटून फळीवर ठेवला होता. तो या वेळी बाहेर गेला नाही, तिथेच उभा राहिला. वर्षाराणीने तो उचलला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत तळाशी सारला. भिवराबाईला बायनाबाईचे शब्द आठवले असावेत, ती काही बोलणार तोच लेक म्हणाली, "आबांनी कुटं दिला? मी उचलला. लोटीवर हात बसवते, मग येते. आबा, कानाखालच्या तेवढ्या जागंला दुसऱ्याचा हात लागू देऊ नका."

त्याला आता महिने झाले. टोळ्या ऊसतोडीला निघून गेल्या, तेलगावात रामेश्वरच्या दुकानातली रीघ ओसरली असेल. फोनवर ती म्हणते, लोटीवर जमतंय, बोलका थोडा थोडा बोलायला लागलाय, पण थुईच्या शाळेमुळे निघणं होत नाही. थुई म्हणजे तिची लेक. धर्मराज बरं म्हणतो आणि फोन भिवराबाईकडे देतो.

दर आठवड्याला तो गहिनीनाथपुढे बसतो तेव्हा डाव्या कानाखालचा भोवरा स्वतःच्या बोटाने झाकून धरतो. गहिनीनाथने पहिल्यांदा विचारलं, आता विचारत नाही, बोटाच्या कडेने ब्लेड वळवून घेतो. पुंजका चांगलाच वाढलाय. स्टँडवरची पोरं हसतात. परवा दस्तगीरला राहवलं नाही. गालाची रेघ आखून झाल्यावर तो खुर्चीतून उठला, आरशात त्याच्याकडे बघून म्हणाला, "धर्मराज, दुसऱ्याची रेघ केसभर हलू देत न्हाईस बे, आन् तुझ्या कानाखाली हे काय ऱ्हायलंय?"

धर्मराजने मुका पुसला, मिटला, फळीवर ठेवला. शेजारची बोलक्याची जागा मोकळी होती.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तेवढं लेकीचं हाय."